माझ्या आधी अकरा

तारीख सव्वीस जानेवारी. रक्कम पन्नास हजार रियाल. हजर माणसे पाच : आमचे मालक शेख, विमा एजंट, सुटलेल्या कैद्यांना काम मिळवून देणाऱ्या समितीचा कारकून, मी आणि तो. जागा सौदी अरबस्तानच्या डोंगराळ भागातल्या खमीस मुशैतमधले आमच्या गोदामाचे ऑफिस. मुलीच्या इंडियन स्कूलला प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती, म्हणून ही तारीख मला डायरी न उघडता आठवते. कागदाच्या तळाशी लिहिण्यासाठी एजंटाने हजर असलेल्यांची नावे मोठ्याने वाचली. आम्ही चौघांनी नुसत्या माना हलवल्या. पाचवे नाव वाचले तसा तो खुर्चीतून उठला, टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मौजूद!"

शेखांच्या हातातला कहवा हिंदकळला. हसले कोणी नाही. त्याचे खरे नाव पुढे जवळजवळ तीन वर्षे माझ्या पगारपत्रकात होते. ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून तो आमचा मौजूदच झाला.

ते सौदीकरणाचे दिवस होते. गोदामात आम्ही अकाउंटपासून हमालीपर्यंत सगळे परदेशी, आणि सरकारचे म्हणणे की अमुक टक्के माणसे सौदी हवीत, नाहीतर नवे व्हिसे मिळणार नाहीत आणि इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडतील. गाड्यांच्या सुट्या भागांच्या धुळकट गोदामात काम करायला शिकलेली सौदी मुले येईनात. तेव्हा समितीने हा माणूस सुचवला. वय पंचेचाळीस. पूर्वी एका धान्यव्यापाऱ्याकडे कॅशियर होता, रोकड कमी भरली, सात वर्षे आत काढली. असा माणूस आणि गोदामाच्या किल्ल्या! शेख म्हणाले, "ठेवतो, पण याचा जामीन कोण?" त्यावर समितीने विमा कंपनीशी खास बोलणे करून हा बाँड आणला. या माणसाने चोरी केली तर पन्नास हजारांपर्यंतची भरपाई विमा कंपनी शेखांना देणार. मुदत एक वर्ष. पहिल्या वर्षाचा हप्ता समितीचा, पुढचा आमचा. अट एकच : बाँड चालू असेल तरच किल्ल्या त्याच्या हातात.

मी कागद तपासला. इंग्रजी तारीख सव्वीस जानेवारी, हिजरी तारीख जिल्हिज्जा महिन्याची सव्वीस. दोन्हीकडे सव्वीस पाहून मला बरे वाटले. आकडे जुळले की मला बरे वाटते. तीस वर्षांच्या नोकरीची सवय. डायरीत पुढच्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीच्या पानावर लिहून ठेवले, 'मौजूद, बाँड नूतनीकरण.'

दार तो स्वतः उघडत नसे. उघड्या दारातूनही सरळ आत येत नसे. उंबऱ्याशी थांबे, आतल्या कोणी पाहिले की मग पाऊल टाके. माझ्या केबिनची काच धुक्याने आणि धुळीने कायम धुरकट असायची. कधीतरी मान वर करावी तर काचेमागे उंच पांढरा आकार उभा. किती वेळ उभा होता कोणाला ठाऊक. "अरे, ढकल की दार!" मी म्हणायचो. तो गंभीरपणे म्हणायचा, "मुहासिब, सात वर्षं दार मी उघडलं नाही. आता हाताला आठवत नाही." मुहासिब म्हणजे हिशेबनीस; मला त्याने दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. आमचे बोलणे मोडक्या अरबीत आणि हिंदीत चाले. इथे ते मराठीत लिहितो आहे.

मोजणीची त्याची पद्धत उलटी होती. आम्ही फळीवरचे खोके मोजायचो. तो दोन खोक्यांमधली भोके मोजायचा. "वस्तू मोजू नको, मुहासिब. वस्तू हलते. रिकामी जागा आधी मोज. ती खोटं बोलत नाही." रांगेच्या टोकाशी उभा राहून, डोळे अर्धे मिटून तो सांगायचा, "चौथ्या फळीवर काल दोन गेले, लिहिले एकच." मी बिले काढून पाहायचो. बरोबर असायचे. त्याच्या पहिल्या वर्षात आमच्या मालमोजणीत एका वॉशरचाही फरक निघाला नाही. माझ्या तीस वर्षांत असे वर्ष दुसरे नाही.

आणि मग सव्वातीन. दुपारच्या जेवणानंतर बाजार बंद असतो, असरच्या नमाजाची बांग व्हायची असते, रस्त्यावर चिटपाखरू नसते. हिवाळ्यात डोंगरावरचे धुके त्याच वेळेला खाली उतरते. कुंपणाच्या भिंतीवर करड्या आयाळीची मोठाली माकडे येऊन बसतात. नेमक्या सव्वातीनला मौजूद हातातले काम खाली ठेवायचा आणि सातव्या रांगेच्या टोकाशी, जिथून तो सगळ्यांना दिसेल अशा जागी, ताठ उभा राहायचा. मान किंचित कलती, ऐकतो आहे अशी. एखादे मिनिट तसाच. मग समोरच्या पत्र्याकडे पाहून "मौजूद!" आणि पुन्हा कामाला.

बशीरभाई आमचा जुना गोदामवाला, दापोलीकडचा. गेटजवळच्या खोलीत राहायचा. पहिल्या आठवड्यातच माझ्याकडे आला. "देवरेसाहेब, हा मानूस कोनाला जाब देतो?"

"तुरुंगात त्या वेळेला हजेरी असते. सवय आहे, जाईल."

"सवय ती बोलायची. पन हा आधी ऐकतो, त्याचं काय? आनि ती माकडं बघितलीत? तेवढा वेळ एक खाजवत नाय. त्यांची पन हजेरी लागते काय?"

मी हसलो, पण दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बसलो. उभा राहिल्यापासून बोलेपर्यंत चव्वेचाळीस सेकंद. तिसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. चौथ्या दिवशीही. शेवटी त्यालाच विचारले, "इतका वेळ का थांबतोस?"

"माझ्या आधी अकरा नावं आहेत," तो म्हणाला. "कोठडीत बारा जण होतो. मी शेवटचा. त्यांचं होऊ दे, मग माझं."

"ते आता कुठे असतील?"

"सुटले. कोणी आधी, कोणी नंतर." मग वळता वळता, "पण उत्तर रोज देतात."

चार सेकंदाला एक माणूस. अकरा चोक चव्वेचाळीस. मी मनात गुणाकार केला आणि करायला नको होता असे वाटले.

वर्ष सरले. जानेवारीच्या पंधरा तारखेला काम संपताना तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन माझ्या काचेबाहेर उभा. आत घेतले. म्हणाला, "मुहासिब, आज सव्वीस."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवले. "आज पंधरा. अकरा दिवस आहेत अजून."

"सव्वीस," तो म्हणाला. जुडगा टेबलावर ठेवला. "माझ्याबरोबर चल. मोजून घे आणि सही कर."

त्याला काहीतरी झाले असावे असे समजून मी गेलो. सगळ्या रांगा मोजल्या, माल बरोबर होता, मी सही केली. दुसऱ्या दिवशी तो गोदामात आला नाही. गेटबाहेर, भिंतीला पाठ लावून, उकिडवा बसला. आतून हाक मारली तर उठून उभा राही, पण आत येईना. "आज माझा जामीन नाही," एवढेच म्हणे. मी कॅलेंडर नेऊन दाखवले. माझ्या बाजूने छापील पुरावा होता. तो कॅलेंडरकडे पाहीनासुद्धा. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. कामाला हात न लावणाऱ्याला हजेरी कसली? हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पहिल्या दिवसापासूनचे खाडे मांडायला सुरुवात केली. मधला शुक्रवार सुट्टीचा, पण दोन्ही बाजूंना खाडे असले की सुट्टीचाही खाडा धरायचा असा आमचा नियम होता, तोही मांडला. बशीरभाईने सांगितले की शुक्रवारीही तो बंद गेटसमोर येऊन बसला होता.

घरी मी हे तक्रारीसारखे सांगितले. बायको भाजी निवडत होती. "अहो, तो माणूस थंडीत बाहेर बसलाय आणि तुम्ही आत बसून त्याचे खाडे मांडताय?"

"तो काम करत नाही."

"बाबा, दॅट्स नॉट फेअर. ही इज देअर, ना?" मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायकोने चहाचा थर्मास दिला. मी तो बाहेर नेऊन दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि विचारले, "माझ्या नावापुढे काय लिहिलंस?"

मी खोटे बोलत नाही. "गैरहजर."

त्याचा चेहरा इतका उतरला की मी मागे सरलो. "पगार काप," तो म्हणाला. "सगळा काप. पण ते लिहू नको. आत गैरहजर कोणाला म्हणतात ठाऊक आहे? चारी बाजूंनी भिंत. पळता येत नाही. नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही, तर वाकून बघतात श्वास आहे का." आणि मी उभा असतानाच सव्वातीन झाले. तो थर्मास खाली ठेवून उठला, थांबला आणि धुक्यात तोंड करून म्हणाला, "मौजूद!"

मी आत गेलो तर बशीरभाई सातव्या रांगेपासून दूर, फोर्कलिफ्टला टेकून उभा होता. "साहेब, तो आत आला काय?"

"नाही. बाहेरच आहे."

"मग इथून कोन बोलला?"

पत्र्याच्या छपराखाली आवाज फिरतो, असे मी त्याला समजावले. फिरतोच. पण मी तो आवाज गेटबाहेर, त्याच्या शेजारी उभा असताना ऐकला होता. आणि आत पाऊल टाकत असताना पुन्हा एकदा, पुढून.

सव्वीस जानेवारीला चेक घेऊन मी एजंटाकडे गेलो. त्याने फाईल उघडली आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. "आज? ही पॉलिसी तर पंधरालाच खलास झाली. मुदत हिजरीची आहे. हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान. तुम्ही इतकी वर्षं इथे राहता!"

इतकी वर्षे राहतो. रमजान दरवर्षी अकरा दिवस आधी येतो हे मला पाठ होते. दोन सव्वीस एका ओळीत पाहिले आणि डोके बंद झाले. त्या अकरा दिवसांत मौजूद आत आला असता, किल्लीला हात लावला असता, आणि काही कमी भरले असते, तर विमा कंपनी एक रियालही देणार नव्हती आणि तो पुन्हा तुरुंगात गेला असता. हे त्याला ठाऊक होते. वर्षाचा हिशेब ठेवायला मला नेमले होते आणि हिशेब त्याने ठेवला होता.

नूतनीकरणासाठी मालमोजणीचा दाखला लागत होता. परत येऊन मोजणी केली. इंजेक्टर नोझलचा एक खोका कमी. किंमत चार हजार दोनशे रियाल.

शेख संध्याकाळी आले. त्यांनी हजेरीपट पाहिला, बशीरभाईला विचारले, आणि त्यांचा निष्कर्ष सरळ होता. "अकरा दिवस गैरहजर लिहिलेला माणूस रोज माझ्या गेटात काय करत होता? टेहळणी? समितीला फोन लाव. घेऊन जा म्हणावं."

शेखांनी बोलावले म्हणून मौजूद ऑफिसच्या दारापर्यंत येऊन उंबऱ्याबाहेर उभा होता. एकदा परत पाठवलेल्या माणसाचा बाँड दुसरी कंपनी करत नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते. त्याच्या आयुष्यातले ते शेवटचे दार होते आणि ते माझ्या अकरा खाड्यांनी बंद होत होते.

मी उभा राहिलो. सांगितले ते क्रमाने सांगितले : बाँड संपल्याची तारीख, माझी चूक, पंधराची मोजणी, माझी सही. "तो गैरहजर नव्हता. मी खोटं लिहिलं. अकरा दिवस किल्ल्या माझ्याकडे होत्या."

शेख माझ्याकडे वळले. "मग खोका कोणी नेला, मुहासिब? तू?"

असा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. नाही म्हणायला तोंड उघडले आणि लक्षात आले की नाही म्हणण्यापलीकडे माझ्याकडे काहीच नाही. कुलूप शाबूत, किल्ली माझी, खोका नाही. गुन्हेगाराकडेही एवढेच असते.

तेव्हा दाराशी उभा असलेला तो, कोणी न बोलावता, पहिल्यांदाच, स्वतः उंबरा ओलांडून आत आला. "अना दामिन," म्हणाला. अरबी ऐकून ऐकून कानाला सवय झाली होती तरी तो शब्द मला आपल्या मराठीतला वाटला. मी याचा जामीन.

शेखांना हसू आले. "तुझाच जामीन अकरा दिवसांपूर्वी संपलाय. तू याचा जामीन?"

"म्हणूनच. जामीन नसलेला माणूस काय असतो ते मी अकरा दिवस बाहेर बसून बघितलं. हा त्यातला नाही."

शेखांनी दोन्ही हात झटकले, म्हणजे विषय संपला. बाँड नव्याने झाला. खोक्याची किंमत मी सहा हप्त्यांत माझ्या पगारातून भरली; चूक माझी होती. खोका कधीच सापडला नाही. मौजूदने ती जागा भरू दिली नाही. रोज जाता-येता तिथे बोट ठेवायचा आणि मोजणीत धरायचा.

हजेरीपटावरचे अकरा खाडे मी खोडले, प्रत्येक खोडीवर सही केली आणि पुढे लिहिले, 'हजर, गेटबाहेर.' कापलेले अकराशे रियाल त्याच्यापुढे ठेवले. त्याने घेतले नाहीत. "हातात किल्ली नव्हती. पगार कसला?" मी ती रक्कम देण्याच्या खात्यात टाकली. ऑडिटरने दोनदा विचारले, मी दोनदा समजावले.

दुसऱ्या वर्षअखेरीस शेख म्हणाले, आता याला बाँडची गरज नाही. मौजूदने हट्ट धरला. "कागद राहू दे. वर्षातून एकदा कोणीतरी माझं नाव मोठ्याने वाचतं." तेव्हा तेवढ्यासाठी हप्ता भरला.

तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात, तो आला नाही. धुके इतके होते की गेट दिसत नव्हते. माझ्या हातात पेन, समोर हजेरीपट, आणि ते लिहायचे नाही असे मी स्वतःला बजावलेले. रकाना कोरा ठेवला. सव्वातीनला बशीरभाई माझ्या केबिनमध्ये येऊन बसला. मी घड्याळाकडे पाहत होतो. चव्वेचाळीस सेकंद झाले. पंचेचाळिसाव्याला त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे. मी काही ऐकले असे लिहिणार नाही. ऐकले नाही असेही लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी समितीचा कारकून सांगत आला : आदल्या पहाटे, झोपेत, बहिणीच्या घरी.

बहिणीने त्याच्या खिशातला एक कागद पाठवला होता. वर माझ्यासाठी एक ओळ : 'मुहासिब, ते अकराशे यांना.' खाली अकरा नावे. कारकुनाने नऊ जण शोधले. उरलेले दोघे वारले होते, त्यांचे भाऊ मिळाले. मी गुरुवारी बोलावले होते. वेळ ठरवली नव्हती. ते सगळे तीनच्या सुमारास आले. टॅक्सी चालवणारा एक, भाजी विकणारा एक, एक काठी टेकत. माझ्या केबिनमध्ये मावेनात म्हणून गोदामात टेबल टाकले. कोणी सांगितले नव्हते, तरी ते सातव्या रांगेच्या टोकाशी एका ओळीत उभे राहिले. भिंतीवर माकडे येऊन बसली होती.

मी यादी वाचायला घेतली. पहिले नाव वाचले.

"मौजूद."

दुसरे. "मौजूद." काही आवाज जाड, काही घोगरे. ज्यांचे भाऊ आले होते त्यांची नावे घेतल्यावर भावांनी उत्तर दिले. मी घाई केली नाही आणि रेंगाळलोही नाही. अकरावे उत्तर आले आणि मी कागद खाली ठेवला. यादी संपली होती. पण त्यांच्यापैकी एकही जण हलला नाही. अकराच्या अकरा जण समोरच्या पत्र्याकडे बघत, मान किंचित कलती करून, थांबले होते.

बशीरभाई माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, नाव घ्या. नायतर हे जानार नाय."

मी बारावे नाव घेतले. त्याचे खरे नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट. मग मोजले : एक, दोन, तीन, चार. मग त्या ओळीतल्या सगळ्यांच्या माना एकदम खाली झाल्या, जसे काही ऐकू आल्यावर होतात, आणि ते एकेक करून टेबलाशी आले.

दिलेली रक्कम अकराशे रियाल. प्रत्येकी शंभर. घेणारे अकरा, पावत्या अकरा, देणे खाते बंद.